कार्डावरची चौथी ओळ

१

दुपारी एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दोन नंबरचं इंजिन फिरू लागलं, आणि ते कुणीच सुरू केलेलं नव्हतं.

कागदबाई तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत कुणाच्या तरी अहवालातला स्वल्पविराम दुरुस्त करत होत्या. खालून आधी घरघर आली, मग चढता सूर, मग धाडकन आवाज झाला आणि वाफ सुटावी तसा फुत्कार. बाई खिडकीशी धावल्या. हँगरमागच्या फरशीवर ते अवाढव्य विमान सकाळपासून दुरुस्तीला उभं होतं. उजव्या इंजिनाची झाकणं उघडी होती आणि मनगटापेक्षा जाड असा हवेचा पाइप निखळून लोंबत होता. इंजिनाला लागून ठेवलेल्या लोखंडी मंचावर कुणी नव्हतं. अण्णा खाली पडले होते, मंचापासून चांगले दहा हात लांब. त्यांची टोपी अजून गडगडत होती.

बाईंच्या हातातलं पेन हातातच राहिलं. जिना उतरताना त्यांना एवढंच सुचत होतं की अण्णांसारखा माणूस असा पडू शकत नाही.

अण्णा म्हणजे इथले सगळ्यांत जुने मेकॅनिक. टायरखात्यात चाकांची हवा तपासण्यापासून सुरुवात करून इंजिनापर्यंत चढलेले. फुंकर मारल्याशिवाय ताक काय, पाणीही न पिणारा माणूस. आणि बाई म्हणजे अपघातांचा तपास आणि कागदांची तपासणी करणाऱ्या अधिकारी. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'कागदबाई'. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विमान बनवणाऱ्यांच्या जाडजूड पोथ्या बाजूला सारून प्रत्येक कामाचं एकेक पानी कार्ड सोप्या भाषेत लिहून काढलं होतं. तेव्हा अण्णाच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाईंचं कार्ड म्हणजे डोळे मिटून काम करावं." ते ऐकून बाई आठवडाभर हवेत होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. अण्णा गेले होते. आणि तोवर सगळ्या हँगरचा निकालही लागून गेला होता, कारण त्या वेळी कॉकपिटमध्ये एकटा बसलेला माणूस होता अण्णांचा जावई.

२

"यात शोधायचं काय आहे, बाई?" दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टचे साहेब म्हणाले. त्यांची दाढी वाढलेली होती. "इंजिन सुरू कुठून होतं? कॉकपिटमधून. तिथे होतं कोण? तो. आवाज ऐकून मी जिना चढून आत शिरलो, तर त्याचा हात इंधनाच्या लिव्हरवर. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाच वाजता पोलीस येतायत. तुमचा अहवाल घेतील आणि त्यालाही घेऊन जातील."

"आणि त्यानं हे का करावं?"

"सासऱ्याजावयाचं सहा आठवडे बोलणं नव्हतं. जावयाला लायसन्स मिळालं, म्हणजे अण्णांच्या कामावर सही त्याची. एकदा त्यानं अण्णांचं काम सही न करता परत पाठवलं. अण्णांना ते किती लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे."

"सही नाकारली म्हणून सासऱ्यानं जावयाला मारलं असतं, तर समजू शकले असते मी," बाई म्हणाल्या. "हे उलटंच झालं."

साहेबांना हसू आलं नाही. "ऑटोमॅटिक आहे हो ते. एक क्षण पुरतो."

ते मात्र खरं होतं. पूर्वी हवा किती, ठिणगी कधी, इंधन कधी, हे वैमानिकाला काट्यांवर डोळा ठेवून जमवावं लागे. आता डोक्यावरच्या पट्टीतला सुरुवातीचा स्विच फिरवायचा, हाताशी असलेली इंधनाची लिव्हर उचलून वर सरकवायची आणि गप्प बसायचं. स्विच फिरला की इंजिनाजवळची झडप उघडते, हवेचा झोत आत जाऊन इंजिन फिरतं, आणि योग्य वेळी संगणक इंधन सोडून ते पेटवतो. काम झालं की स्विच आपणहून जागेवर येतो. म्हणजे तो फिरवला होता की नव्हता, हे नंतर बघून कळायची सोय नाही.

"पण हवा कुठून आली?" बाईंनी विचारलं.

नेहमी ही हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं. म्हणून खाली हवागाडी आणून तिची नळी विमानाला जोडली होती. बिघाड त्या झडपेतच होता, ती मध्येच अडकत होती. पुढे निखळून अण्णांवर आदळला त्या पाइपाचा पट्टा त्यांनी सैल करून ठेवला होता आणि पाना घालून झडप हातानं उघडमीट करून बघणार होते. अशा कामाआधी नळीत दाब ठेवायचा नाही, हे इथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक.

बाईंनी हवागाडीवाल्याचा जबाब पुन्हा काढला. हवावाले काका सहा महिन्यांपूर्वी पाणीखात्यातून आले होते. पन्नाशीचे, गप्पिष्ट. "तीस वर्षं शहराला पाणी सोडलं आणि शेवटी त्या नोकरीवरच पाणी सोडून इथे आलो," असं ते भेटेल त्याला सांगत. जबाब मात्र दोन ओळींचा होता. 'अण्णा म्हणाले, हवा सोड. मी लगेच हवा सोडली, आणि सोडली म्हणून सांगितलं.' अण्णा, काका आणि जावई, तिघांच्या कानाला हेडफोन होते आणि त्यांची तार एकच होती. जावयाच्या जबाबातही हीच वाक्यं होती.

"बघा," साहेब म्हणाले. "हवा सोडलेली होती. अण्णांच्या बाजूनं काही चुकलं नाही."

"मग इंजिन फिरलं कशावर?"

"नळीत उरली असेल थोडीफार."

"उरल्यासुरल्या हवेवर ते धूड अकरा सेकंद फिरलं? माझ्या घरचा पंखासुद्धा फिरणार नाही."

बाई जबाब उचलून जावयाकडे निघाल्या.

जावई विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून होता. रात्रभर झोपलेला नसावा. बाईंना बघून उभा राहिला.

"मी स्विचला हात लावला नाही, बाई. समोरचा आकडा आपोआप चढायला लागला. मला वाटलं लिव्हर वर राहिली की काय. ती खाली आहे ना, हे बघायला हात नेला, तेवढ्यात साहेब आले."

"तुझ्यासमोर हवेच्या दाबाचा काटा असतो. इंजिन फिरण्याआधी तो चढला असणार. तू तारेवर ओरडला का नाहीस?"

तो खाली बघू लागला.

"कुठे बघत होतास?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं लक्ष?"

त्यानं मान हलवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बाईंनी तीन वेळा विचारलं. निर्दोष माणूस असा मुका होत नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

३

जेवणाच्या सुट्टीत बाई एकट्याच विमानाकडे गेल्या. इंजिनाच्या मागच्या तोंडाला बांधायच्या झाकणाची लाल कापडी फीत आतल्या कडेला अडकून राहिली होती. बाईंनी ती बोटांत धरली. मऊ, कोरी, धुराचा वासही नाही.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. लिव्हर वर असती तर संगणकानं इंधन पेटवलं असतं, आणि मग या फितीची राख झाली असती. म्हणजे इंजिन सुरू झालंच नव्हतं. नुसतं फिरलं होतं. कालपासून सगळे 'सुरू झालं, सुरू झालं' म्हणत होते, आणि त्याही म्हणत होत्या.

लिव्हरचा प्रश्न मिटला. वरचा स्विच अजून उरला होता, कारण नुसत्या त्या स्विचनंही झडप उघडून इंजिन फिरू शकतं.

खोलीत परतल्या तर दाराशी अण्णांची लेक उभी होती. हातात इस्पितळानं दिलेली प्लास्टिकची पिशवी. ती रात्रीच नवऱ्याच्या घरून आईकडे निघून आली होती, हे बाईंनी ऐकलं होतं.

"बाई, मला बाकी काही नको," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "त्यानं तो स्विच फिरवला की नाही, एवढंच सांगा. फिरवला असेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. नसेल फिरवला आणि मी त्याला एकटं टाकलं, तर तेही मला आयुष्यभर पुरेल. आई विचारतेय, लोक विचारतायत. मी काय सांगू?"

"बस आधी," बाई म्हणाल्या. "ही पिशवी अण्णांची?"

"खिशातलं सामान. मी उघडली नाही. धाडस झालं नाही."

बाईंनी टेबलावर कागद पसरून एकेक वस्तू मांडली. चष्मा, एक काच तडकलेली. रुमाल. टायरची हवा मोजायचं पेनाएवढं जुनं मापक. टायरखातं सुटून पंचवीस वर्षं झाली तरी अण्णा ते खिशाला लावून फिरत. आणि शेवटी एक छोटी पितळी किल्ली, तिला लाल पट्टी, पट्टीवर सात आकडा.

बाई ताडकन उठल्या. "इथेच थांब."

साठीकडे झुकलेल्या बाई विमानाचा जिना धापा टाकत चढल्या. कॉकपिटमध्ये खुर्चीच्या मागे फ्यूजची मोठी पाटी असते. कालपासून सगळ्यांनी स्विचकडे बघितलं होतं, पाटीकडे कुणीच बघितलं नव्हतं. तिथे दोन नंबरच्या झडपेचा फ्यूज बाहेर ओढलेला होता आणि त्यावर लाल कुलूप होतं. कुलपावर सात आकडा. बाईंनी किल्ली घातली. कुलूप उघडलं.

अण्णांनी काम सुरू करण्याआधी स्वतः वर येऊन झडपेची वीज तोडली होती आणि किल्ली खिशात टाकली होती. जावई तो स्विच दिवसभर फिरवत बसला असता, तरी झडप हलली नसती. ती उघडली होती ती एकाच हातानं, पाना घालून, अण्णांच्याच.

खोलीत परत येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेकीनं किल्ली हातात घेऊन पाहिली. मग तिनं आपला फोन काढला.

"मी त्याला काल मेसेज टाकला होता. आज तरी बाबांशी बोल म्हणून. हे त्याचं उत्तर. मला वाटलं, टाळतोय."

उत्तरात एक पुरा शब्द होता आणि एक अर्धा. 'आज बो'. वेळ, एक सत्तेचाळीस.

लक्ष कुठे होतं ते बाईंना आता कळलं, आणि तो मुका का झाला तेही. सासऱ्याचा जीव जाताना आपण बायकोच्या मेसेजला उत्तर लिहीत होतो, हे तिला कळण्यापेक्षा त्यानं खुनी ठरणं पत्करलं होतं. लेकीचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. तिलाही समजलं होतं.

चार वाजायला आले होते. झडप अण्णांनी उघडली, तर मग नळीत हवा भरलेली होती. आणि ती सोडली, असं सांगणारा माणूस एकच होता.

४

हवावाले काका हवागाडीच्या पायरीवर बसले होते. बाईंबरोबर साहेबही आले, रागानं लाल होऊन.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही जबाबात खोटं लिहिलंत."

"खोटं?" काका उठले. "पोराबाळांची शपथ, बाई. अण्णा म्हणाले हवा सोड, मी सोडली. एका सेकंदाचाही उशीर केला नाही. वाटल्यास त्या जावयाला विचारा, त्यानंही ऐकलंय."

"मग नळीत दाब कसा होता?"

काकांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू बाईंनाच काही समजत नाही. "सोडल्यावर दाब येणारच की."

साहेब काहीतरी ओरडणार होते. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"काका, काल काय केलंत ते हातानं करून दाखवा. गाडी बंदच राहू दे."

काकांनी गाडीवरची मोठी मूठ धरली. एक वळसा, दुसरा, तिसरा. नळीचं तोंड पूर्ण उघडणाऱ्या दिशेनं. गाडी चालू असती तर सगळा झोत विमानात गेला असता.

"ही सोडली," काका म्हणाले. "पाणी सोडायचो तसंच आहे हे. तिकडे मोठी चावी असायची, इकडे मूठ."

साहेब मागे सरकून गाडीला टेकले. शहराला पाणी सोडलं. चाकातली हवा सोडली. एकानं तीस वर्षं 'सोड' म्हटलं की आत भरायला शिकलेलं, दुसऱ्यानं टायरखात्यात 'सोड' म्हटलं की रिकामं करायला शिकलेलं. मध्ये तार एक होती आणि शब्द एक होता. अण्णांनी 'सोड' म्हटलं, 'सोडली' ऐकलं आणि निर्धास्तपणे पाना फिरवला.

"काय चुकलं माझं?" काकांनी विचारलं. मग दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांचा आवाज बसला. "बाई, काय चुकलं?"

"कार्ड वाचलं होतं का तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे काय? पाठ आहे." काकांनी खिशातून घडी घातलेलं कार्ड काढलं आणि बोट ठेवून वाचू लागले. "ओळ चार, हवा सोडावी. ओळ नऊ, हवा सोडावी. दोन्हीकडे एकच तर लिहिलंय."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. खाली कोपऱ्यात त्यांची सही होती.

५

पहिल्या खर्ड्यात चौथी ओळ अशी नव्हती. बाईंना ती अक्षर न् अक्षर आठवत होती. 'नळीतली सर्व हवा बाहेर काढून नळी रिकामी करावी.' दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी त्यांनीच ती लांबट वाटली म्हणून खोडली आणि वर लिहिलं, 'हवा सोडावी'. किती सुटसुटीत, असंही वाटलं होतं. नवव्या ओळीत झडप बसवून झाल्यावर चाचणीसाठी हवा द्यायची होती. तिथेही तेच लिहिलं. आधीचा हवावाला अण्णांच्याच टायरखात्यातला, म्हणून चौथ्या ओळीवर दीड वर्ष निभावलं, आणि काका आल्यापासून हे काम पहिल्यांदाच निघालं होतं. नवव्या ओळीपर्यंत नळी रिकामीच असे, तिथे दुसरा अर्थ निघायला जागाच नव्हती. आणि दुसऱ्यांचे स्वल्पविराम शोधणाऱ्या बाईंनी स्वतःचं कार्ड पुन्हा कधी वाचलं नव्हतं.

पाच वाजता पोलीस अधिकारी आले. साहेब, जावई आणि लेक खोलीत होते. काका दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यांना जाववतही नव्हतं. बाईंनी अहवाल वाचून दाखवला. फीत, कुलूप, किल्ली, मूठ, कार्ड. एकदाही थांबल्या नाहीत. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'जबाबदार व्यक्ती', आणि तिथे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते वाचल्यावर अधिकाऱ्यानं कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला.

"बाई, हे असं लिहायची गरज नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "शब्द होता नुसता."

"अण्णा तेवढ्यावर विसंबून मंचावर चढले होते."

अधिकाऱ्यानं जावयाकडे बोट केलं. "म्हणजे याला सोडायचं?"

बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"त्याला घरी जाऊ द्या," शेवटी त्या म्हणाल्या.

जावई उठला. लेकीनं आपला फोन त्याच्यापुढे धरला. "'आज बो'च्या पुढे काय लिहीत होतास?"

"'बोलतो'," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. "काट्याकडे बघायला हवं होतं मी."

"मीही त्या वेळी मेसेज टाकायला नको होता," लेक म्हणाली. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. त्याला माफ केलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, पण हात तिनं काढला नाही. बाहेर पडताना ती काकांपाशी क्षणभर थांबली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे झाली.

जिन्यापर्यंत गेलेली ती पुन्हा एकटीच परत आली.

"बाई, काय लिहायला हवं होतं तिथे?"

बाईंनी उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. "नळी रिकामी करावी."

लेकीनं ते मनाशी म्हणून पाहिलं. मग बोटांवर मोजले, आधी बाईंचे शब्द, नंतर कार्डावरचे.

"एकच शब्द जास्त झाला असता," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.